कर्करोगातून बरे झाल्यावर हातातला जोर का जातो?

शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधे, मधुमेह, मानेचे मणके किंवा परतलेला रोग, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. बहुतेक कारणांवर उपाय आहे. काहींच्या बाबतीत मात्र एका दिवसाचा उशीरही महागात पडतो.

कर्करोगाचे उपचार संपून वर्ष-दोन वर्षे झालेली असतात. तपासण्यांचे अहवाल चांगले आलेले असतात आणि घरची कामे पूर्ववत सुरू झालेली असतात. अशा वेळी हळूहळू हात साथ देईनासा होतो, अशी तक्रार अनेक रुग्ण करतात. नारळ खवताना मनगट लवकर थकते. वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जात नाही. दोरीवर ओले कपडे टाकताना खांदा मध्येच अडतो. बसमध्ये वरचा दांडा धरून उभे राहता येत नाही किंवा स्कूटरचा ब्रेक दाबताना बोटांत पकड उरत नाही.

घरात यावर दोन प्रकारे विचार होतो. ‘एवढे मोठे ऑपरेशन झाले आहे, थोडे चालायचेच,’ असे म्हणून काहीजण गप्प बसतात. काहींच्या मनात मात्र पहिली शंका येते ती रोग परतल्याची, आणि त्या भीतीपोटी तेही कोणाला सांगत नाहीत. दोन्ही वाटांनी परिणाम एकच होतो: डॉक्टरांकडे जाणे लांबते. कारण साधे असेल तर जो खांदा सहा आठवड्यांच्या व्यायामाने मोकळा झाला असता तो कायमचा आखडतो. कारण गंभीर असेल तर हाती असलेले मोलाचे तास निघून जातात. म्हणून हातातील अशक्तपणाची कारणे कोणती आणि त्यांतील फरक कसा ओळखावा, याची साधारण कल्पना रुग्णाला व कुटुंबीयांना असायला हवी.

अशक्तपणा म्हणजे नेमके काय?

‘हातात जोर नाही’ या एका वाक्यात रुग्ण पाच निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात. पहिली, खरा अशक्तपणा: वेदना नाही, इच्छा आहे, पण स्नायू हुकूम मानत नाही, हातातला पेला सुटतो, चावी फिरत नाही. दुसरी, वेदना: हात उचलता येतो, पण दुखते म्हणून माणूस उचलत नाही. तिसरी, ताठरपणा: सांधा किंवा त्वचा आखडल्यामुळे हात ठरावीक उंचीपलीकडे जात नाही, दुसऱ्याने धरून उचलला तरीही नाही. चौथी, जडपणा: हात भरल्यासारखा वाटतो, अंगठी किंवा बांगडी घट्ट होते. पाचवी, बधिरता: ताकद असते, पण बोटांना स्पर्श नीट कळत नाही म्हणून वस्तू निसटते. यांखेरीज उपचारांनंतर महिनोन्महिने टिकणारा सर्वांगाचा थकवा असतो, तो वेगळाच.

यांतले नेमके काय होते आहे, हे सांगता आले की डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. एकच हात की दोन्ही? खांद्याकडचा भाग की बोटांकडचा? अचानक झाले की महिन्यांत वाढत गेले? वेदना आधी आली की बधिरता? या चार प्रश्नांच्या उत्तरांवरच पुढची तपासणी ठरते. डॉक्टर स्नायूची शक्ती शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, तीन म्हणजे हात स्वतःच्या वजनासह वर उचलता येणे आणि पाच म्हणजे पूर्ण शक्ती. हा आकडा नोंदवून ठेवला तर तीन महिन्यांनी सुधारणा झाली की घसरण, हे निश्चितपणे कळते.

मेंदूपासून बोटांपर्यंतचा मार्ग

हात हलवण्याचा हुकूम मेंदूतून निघतो, मानेतील मज्जारज्जूतून खाली येतो आणि मणक्यांमधील फटींतून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंमार्फत हाताकडे वळतो. मानेच्या खालच्या भागातून आणि छातीच्या पहिल्या मणक्यापासून निघणारे असे पाच मज्जातंतू गळपट्टीच्या हाडाखाली एकमेकांत गुंफले जातात. या गुंफणीला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. तिच्या शाखा काखेतून पुढे जाऊन खांदा, दंड, मनगट आणि बोटे चालवतात.

या मार्गावर कोठेही अडथळा आला तरी हात अशक्त होतो. स्तनाच्या कर्करोगात ज्या लसिकाग्रंथी काढाव्या लागतात त्या याच काखेत असतात. किरणोपचारही बहुधा काख आणि गळपट्टीच्या भागावर दिले जातात आणि रोग पुन्हा उद्भवला तर तोही येथील ग्रंथींत वाढू शकतो. शस्त्रक्रिया, किरण आणि रोग या तिघांचीही वाट एकाच अरुंद जागेतून जात असल्यामुळे निदान करताना अनुभवी डॉक्टरांनाही सावध राहावे लागते.

शस्त्रक्रियेमागून येणारी कारणे

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास हाताच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळाचे शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी पद्धत रूढ केली तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढून टाकत. रुग्ण वाचत, पण हात सुजलेला आणि दुबळा होऊन राहत असे. १९७० च्या दशकात बर्नार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतलेल्या चाचण्यांनी कमी व्याप्तीची शस्त्रक्रियाही तेवढेच आयुष्य देते, हे दाखवले. आज छातीचे स्नायू सहसा काढले जात नाहीत आणि पुष्कळ रुग्णांमध्ये काखेतील केवळ पहिल्या एक-दोन ‘सेंटिनेल’ ग्रंथी तपासून पुढचा निर्णय होतो.

तरीही काखेतील सर्व ग्रंथी काढाव्या लागल्या तर काही मज्जातंतूंना ताण किंवा इजा होऊ शकते. छातीच्या बरगड्यांवरून जाणाऱ्या लाँग थोरॅसिक मज्जातंतूला इजा झाली तर खवाटा, म्हणजे पाठीवरचे खांद्याचे त्रिकोणी हाड, पंखासारखे मागे उचलले जाते आणि हात पुढून वर नेताना शक्ती लागत नाही. भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून रेटा दिला की मागे उभ्या असलेल्या माणसाला हा फरक दिसतो. मज्जातंतू केवळ ताणला गेला असेल तर काही महिन्यांत तो पूर्ववत होऊ शकतो. दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा बधिर होणे हे त्याहून कितीतरी अधिक आढळते. ते काखेतील एका स्पर्शवाही मज्जातंतूमुळे होते, त्याने स्नायूंची शक्ती जात नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत काखेतून कोपराकडे, कधी मनगटापर्यंत, त्वचेखाली ताणलेल्या दोऱ्या लागाव्यात असे काही स्त्रियांना जाणवते. हात उचलला की दोरी ओढली जाते आणि दुखते. हे भीतिदायक वाटले तरी धोकादायक नाही. हलक्या व्यायामाने बहुतेकींचा त्रास काही आठवड्यांत ते महिन्यांत कमी होतो. खरा धोका असतो तो दुखते म्हणून हात अंगाशी बांधून ठेवण्यात. न वापरलेला खांदा आखडतो आणि मग मूळ जखम भरून आली तरी हात वर जात नाही.

पुरुषांमध्ये चित्र निराळे असते. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे आणि तंबाखू व गुटखा ही त्याची प्रमुख कारणे आहेत. या रोगात मानेतील ग्रंथीही काढतात. त्या भागातून खांदा उचलणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूकडे जाणारा एक मज्जातंतू असतो. तो दुखावला की खांदा खाली झुकतो आणि बाजूने हात खांद्याच्या पातळीवर नेणे अवघड होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल इस्पितळातील डॉ. अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तोंडाच्या प्रारंभिक अवस्थेतील कर्करोगात मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते; ग्रंथींत रोग दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे मानेवरची ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. खांद्याला होणारा त्रास ही तिची किंमत असेल तर ती कमी कशी करता येईल, हे पाहणे हा त्याच उपचाराचा पुढचा भाग मानला पाहिजे. आज शल्यविशारद हा मज्जातंतू शक्यतो राखतात, पण राखलेला मज्जातंतूही काही महिने मंद काम करू शकतो. त्या काळात खांद्याचे व्यायाम सोडून चालत नाही.

हाताची सूज

काखेतील ग्रंथी काढल्यावर किंवा त्यांवर किरण दिल्यावर हातातील लसिकाद्रवाचा निचरा मंदावतो आणि सूज येते. तिला लिम्फेडिमा म्हणतात. २०१३ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात काखेतील ग्रंथी काढलेल्या स्त्रियांमध्ये या सुजेचे प्रमाण सुमारे २० टक्के आढळले, तर केवळ सेंटिनेल ग्रंथी तपासलेल्यांमध्ये ते सहा टक्क्यांच्या आत होते. बहुतेकींना ती पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, पण अनेक वर्षांनंतरही येऊ शकते.

सुरुवातीला सूज डोळ्यांना दिसत नाही. हात जड वाटतो, पोलक्याची बाही एकाच दंडात रुतते, बांगडी चढत नाही. रुग्ण याला अशक्तपणा म्हणतात आणि तसे म्हणण्यात काही चूक नाही, कारण जड हात लवकर थकतोच. याच टप्प्यावर उपचार सुरू झाले तर सूज आटोक्यात राहते. जुनी झालेली सूज कडक होते आणि मग ती उतरवणे कठीण असते. सुजलेला हात अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग समजावा व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सूज एकाएकी आली, हात निळसर दिसू लागला, विशेषतः त्या बाजूला केमोथेरपीसाठी पोर्ट किंवा नळी बसवलेली असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती साधी सूज म्हणून चोळत बसू नये.

किरणोपचारांचा उशिरा दिसणारा परिणाम

किरणोपचार पूर्ण होऊन काही वर्षे, क्वचित वीस वर्षेही, लोटल्यावर ब्रेकियल प्लेक्सस हळूहळू निकामी होऊ लागल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. किरणांमुळे त्या भागात तंतुमय घट्टपणा येतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या आक्रसतात आणि मज्जातंतूंचा पुरवठा तुटतो. सुरुवात बोटांतील मुंग्यांनी आणि बधिरतेने होते. वेदना सहसा नसते किंवा फार नसते. अशक्तपणा त्यामागून, अतिशय सावकाश येतो. जुन्या काळी एका वेळेस मोठी मात्रा दिली जाई आणि किरणांची क्षेत्रे एकमेकांवर येत, तेव्हा हा त्रास अधिक होता. आजच्या संगणकीय नियोजनात तो क्वचितच, शंभरात एक-दोघांना किंवा त्याहूनही कमी रुग्णांना, होतो. मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उपचार घेतलेले रुग्ण आपल्यात आहेत आणि त्यांच्या बाबतीत हे कारण विसरता येत नाही.

येथे एक खूण उपयोगी पडते. रोग प्लेक्ससमध्ये शिरला असेल तर बहुधा वेदना आधी येते आणि ती तीव्र असते: खांद्यात किंवा काखेत सुरू होऊन करंगळीच्या बाजूने खाली उतरणारी, रात्री झोप उडवणारी. किरणांच्या परिणामात बधिरता आधी आणि वेदना कमी. ही खूण शंभर टक्के खात्रीची नाही, म्हणूनच एमआरआय आणि मज्जातंतूंची विद्युत तपासणी करून निर्णय घेतात. विद्युत तपासणीत स्नायूंच्या विशिष्ट लयबद्ध थरथरीची नोंद झाली तर ती किरणोपचाराच्या परिणामाकडे बोट दाखवते.

औषधांचे परिणाम

पॅक्लिटॅक्सेल, सिसप्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन, बॉर्टेझोमिब ही कर्करोगावरील औषधे मज्जातंतूंना इजा करू शकतात. हा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि हातमोजे-पायमोजे घातल्यासारखा बोटांपासून वर सरकतो. शर्टाची बटणे लावणे, सुईत दोरा ओवणे, तांदूळ निवडणे अवघड होते. प्लॅटिनम गटातील औषधे थांबवल्यानंतरही काही महिने हा त्रास वाढत राहू शकतो. म्हणून ‘केमो संपली, आता वाढते कसे?’ असा प्रश्न पडला तर घाबरू नये, पण डॉक्टरांच्या कानावर घालावे.

स्तनाच्या कर्करोगात वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, अनॅस्ट्रोझोल यांसारख्या गोळ्यांमुळे सांधे दुखतात, सकाळी मुठी ताठरतात आणि काहींना मनगटात मज्जातंतू दाबला जाण्याचा त्रास होतो. तेव्हा अंगठा व पहिली दोन बोटे रात्री बधिर होतात आणि हात झटकल्यावर बरे वाटते. या त्रासाला कंटाळून गोळी परस्पर बंद करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. ही गोळी रोग परतू नये म्हणून दिलेली असते. डॉक्टर तिचा प्रकार बदलू शकतात किंवा वेदनेवर निराळा उपाय करू शकतात. परस्पर बंद करणे हा त्यावरचा मार्ग नव्हे.

स्टेरॉइड दीर्घकाळ घेतले तर खांद्याजवळचे आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता येत नाही, केस विंचरताना दोन्ही हात थकतात. यात वेदना नसते. मात्रा कमी केल्यावर, तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, शक्ती हळूहळू परत येते.

अलीकडे निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारखी प्रतिकारशक्तीला चेतवणारी औषधे वापरली जातात. क्वचित प्रसंगी ही चेतवलेली प्रतिकारशक्ती शरीरातील स्नायूंवर किंवा मज्जातंतूंवरच उलटते. हात-पायांच्या अशक्तपणाबरोबर पापण्या झुकणे, एकाचे दोन दिसणे, घास गिळताना अडकणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, यांपैकी काही सुरू झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. यात हृदयाचे स्नायूही सापडू शकतात.

रोग परतला असेल तर

ही शक्यता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मेंदूत गाठ असेल तर एका बाजूचा हात, बऱ्याचदा त्याच बाजूचा पायही, दुबळा होतो. डोकेदुखी, सकाळची उलटी, झटके किंवा वागण्यातील बदल त्याबरोबर असू शकतात. दंडाच्या हाडात रोग असेल तर खोल दुखते आणि किरकोळ झटक्यानेही हाड मोडू शकते. फुप्फुसाच्या वरच्या टोकावरील गाठ खांद्यातील वेदनेने सुरू होते आणि करंगळीकडच्या बाजूचा जोर घालवते. काहींमध्ये त्या बाजूची पापणी झुकते व बाहुली लहान होते. ही गाठ महिनोन्महिने खांद्याचे दुखणे समजून शेकली-चोळली जाते. तंबाखू ओढणाऱ्या माणसाच्या न थांबणाऱ्या खांदेदुखीत छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन विसरू नये, ते यासाठीच.

सर्वांत तातडीची अवस्था म्हणजे पाठीच्या किंवा मानेच्या कण्यातील गाठीने मज्जारज्जू दाबला जाणे. मान किंवा पाठ दुखणे हे तिचे पहिले लक्षण असते, बऱ्याचदा ते काही आठवडे आधीपासून असते. आडवे पडल्यावर, खोकल्यावर किंवा रात्री ते वाढते. मग हात-पाय दुबळे होतात, चाल अडखळते, लघवी अडते किंवा तिच्यावरचा ताबा सुटतो. अशी शंका असल्यास २४ तासांच्या आत एमआरआय व्हावा, अशी ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना आहे. त्यामागचे कारण साधे आहे. उपचार सुरू होताना जो रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत असतो तो बहुधा पुढेही चालत राहतो. ज्याचे पाय आधीच गेले त्याचे ते परत मिळतील याची शाश्वती फार कमी.

कर्करोगाशी संबंध नसलेली कारणे

कर्करोगातून बरा झालेला माणूस इतरांसारखाच म्हातारा होतो आणि इतरांना होणारे आजार त्यालाही होतात. मानेच्या मणक्यांची झीज, खांद्याच्या स्नायुबंधांची फाटणी, नागीण येऊन गेल्यानंतरचा अशक्तपणा, थायरॉइडची कमतरता, ही सारी कारणे यात मोडतात. मानेवर किरण घेतलेल्यांमध्ये थायरॉइड मंदावण्याची शक्यता अधिक असते.

गोव्यात मधुमेहाचा विचार आधी करावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, आढळले. मधुमेह्यांमध्ये खांदा आखडणे आणि मनगटात मज्जातंतू दाबला जाणे ही दोन्ही दुखणी अधिक आढळतात. हातापायांची बधिरता तर मधुमेहानेही येते आणि केमोथेरपीनेही. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, तेही मज्जातंतूंना घातक असते. रक्ताच्या साध्या तपासणीत यांतील बरेच कळते आणि त्यावर उपाय आहेत. म्हणून प्रत्येक दुखण्याचा संबंध जुन्या रोगाशी जोडून बसू नये.

केव्हा थांबू नये?

पुढील लक्षणे दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात त्याच दिवशी जावे:

– हात अचानक लुळा पडणे, त्याबरोबर तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे. हा पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. कर्करोगात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, तसेच मानेवर किरण घेतलेल्यांच्या मानेतील रोहिण्या अरुंद होऊ शकतात. म्हणून या रुग्णांनी अधिक सावध राहावे.
– मान किंवा पाठदुखीसह हात-पायांचा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे.
– पहिल्यांदाच आलेला झटका, किंवा वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या.
– किरकोळ धक्क्यानंतर दंडात असह्य वेदना.
– हाताला एकाएकी सूज आणि निळसरपणा. विशेषतः सोबत धाप लागत असेल तर.
– अशक्तपणाबरोबर पापण्या झुकणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास.

यांपैकी काही नसले, तरी दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला किंवा वाढत चाललेला अशक्तपणा डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.

एक इशारा येथे द्यावासा वाटतो. मान-पाठ दुखू लागली की हाड बसवणाऱ्याकडे किंवा मालिशवाल्याकडे जाऊन मान झटक्याने मोडून घेण्याची प्रथा आपल्याकडे आहे. ज्याला पूर्वी कर्करोग झालेला आहे त्याने कारण कळेपर्यंत हे मुळीच करू नये. हाड आतून पोखरलेले असेल तर एका झटक्याने मणका खचू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना

अनेक गोमंतकीयांचे उपचार बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात होतात, तर अनेकजण मुंबईला जातात. वर्षांनंतर हात दुखू लागतो तेव्हा कागद एका शहरात आणि रुग्ण दुसऱ्या गावी, अशी स्थिती असते. म्हणून उपचार संपतानाच सारांशपत्र मागून घ्यावे. त्यात शस्त्रक्रियेचा प्रकार, काढलेल्या ग्रंथींची संख्या, किरणांची एकूण मात्रा व क्षेत्र, केमोथेरपीच्या औषधांची नावे आणि किती वेळा दिली, हे असावे. फाइलचे फोटो मोबाइलमध्ये आणि घरातील आणखी एका माणसाकडे ठेवावेत. सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या आणि आयुर्वेदिक काढ्यांसह, सोबत न्यावी.

डॉक्टर आधी दोन्ही हात उघडे करून तुलना करतील, शक्ती, स्पर्श आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासतील. त्यानंतर गरजेनुसार रक्ततपासणी, मज्जातंतूंची विद्युत तपासणी, खांद्याची सोनोग्राफी, मान, प्लेक्सस किंवा मेंदूचा एमआरआय, आणि शंका उरल्यास पेट स्कॅन करावे लागते. प्रत्येकाला सर्व तपासण्या लागत नाहीत. कोणती तपासणी कशासाठी, हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे.

हात पुन्हा कामाला लावताना

कारण कोणतेही निघो, बहुतेक रुग्णांच्या उपचारात भौतिकोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, वाटा मोठा असतो. भिंतीवर बोटांनी चढत जाणे, काठी धरून दोन्ही हात वर नेणे, खवाटे मागे ओढून धरणे, हे व्यायाम दिसायला क्षुल्लक वाटतात, पण रोज नेमाने केले तरच त्यांचा गुण येतो. सुजेवर विशिष्ट पद्धतीचे हलके मर्दन, पट्ट्या बांधणे, मापाची दाबबाही आणि त्वचेची निगा असा एकत्रित उपचार करतात. दाबबाही मापानेच घ्यावी. सैल किंवा फार घट्ट बाही निरुपयोगी, कधी अपायकारकही ठरते.

ऑपरेशन झालेल्या हाताने वजन उचलायचेच नाही, अशी समजूत आजही घट्ट आहे. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी हात सुजलेल्या स्त्रियांवर केलेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळेच सांगतो. देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही. उलट तिचा उद्रेक कमी वेळा झाला आणि हाताची शक्ती वाढली. याचा अर्थ घरी येताच पाण्याची भरलेली कळशी उचलावी असा नव्हे. योग्य रीतीने शिकवलेला व्यायाम हाताला वाचवतो, आणि वर्षानुवर्षे जपून ठेवलेला हात मात्र दुबळाच होत जातो, एवढे त्यातून घ्यावे.

केमोथेरपीने झालेल्या वेदनेवर ड्युलोक्सेटिनसारख्या औषधाचा उपयोग होतो. निव्वळ बधिरतेवर मात्र खात्रीचे औषध नाही. त्यामुळे गरम तवा, सुरी, उकळते पाणी यांपासून बोटे जपावी लागतात. किरणोपचाराने झालेली मज्जातंतूंची हानी भरून येत नाही. तेथे वेदना कमी करणे, सांधे मोकळे ठेवणे आणि उरलेल्या शक्तीत कामे कशी करावीत हे शिकणे, यावर भर असतो. रोग परतला असेल तरीही उपाय संपत नाहीत. किरण, शस्त्रक्रिया, औषधे आणि वेदनाशामक उपचार यांनी हात आणि चालणे दीर्घकाळ टिकवता येते, मात्र त्यासाठी निदान वेळेवर व्हावे लागते.

घरच्यांच्या वाट्याचेही एक काम आहे. आजारपणातून उठलेली स्त्री बहुधा आपले दुखणे सर्वांत शेवटी सांगते. आधीच सर्वांनी खूप केले, खर्चही झाला, आता पुन्हा कशाला, असा तिचा विचार असतो. वेणी घालताना ती हात मध्येच खाली घेते, कळशी दुसऱ्या हाताने उचलू लागते, जेवताना भाकरी मोडायला वेळ लावते, हे आधी घरातल्यांनाच दिसते. ते दिसले की विचारावे आणि पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तिला डॉक्टरांकडे घेऊन जावे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाची स्थिती वेगळी असल्याने औषधे, व्यायाम व तपासण्यांबाबतचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)